विटकरी दोरा

त्या दिवशी मुलीने सांगायच्या आधीच गिरकी घेतली. एरवी रोज सकाळी बाप चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचा, ती बूट घालून निघाली की ‘थांब जरा’ म्हणायचा, आणि ती एका पायावर भार टाकून, छताकडे बघत थांबायची. तो तिला कॉलरपासून बुटांपर्यंत बघायचा, मग ‘फिर’ म्हणायचा. ती फिरायची, पाठ दाखवायची, ‘जा’ म्हटलं की जायची. ती दप्तर घेऊन शाळेत जात होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. दुसऱ्या घरांत बाप पोरीचा गालगुच्चा घेतात, या घरात कपडे बघून घेतात, इतकं ते तिघांच्याही अंगवळणी पडलं होतं. आज मात्र ती आपणहून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, हात अंगापासून जरा लांब धरून सावकाश एक अख्खी गिरकी घेतली, आणि म्हणाली, ‘बघा बाबा. नीट बघून घ्या.’ त्याने बघितलं. बाटलीसारखा हिरवा स्वेटर, वरून दुसरं बटण मुळातलं नव्हे, हरवलेल्याच्या जागी त्यानेच लावलेलं, एक छटा गडद. राखाडी पँट, खालची पट्टी उसवून लांब केलेली, जुन्या घडीची रेघ इस्त्रीनेही न गेलेली. पांढरा शर्ट, तपकिरी बॅग, पट्टा डाव्या खांद्यावर. ‘जा,’ तो म्हणाला. ती गेली. जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला, आणि शिवून तयार झालेल्या कपड्यात राहिलेली टाचणी हाताला लागावी तसं काहीतरी त्याला लागलं. काय लागलं ते शोधत तो दारातच उभा राहिला. चहा निवून गेला. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, ‘गेली का?’ आणि तो म्हणाला, ‘गेली.’

तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात तो अल्टरचं काम करायचा. वर आरसे, दिवे, गुळगुळीत फरशी. खाली त्याचं मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि काज-बटणं करणारी जाड भिंगांची एक बाई, जिला सगळे बटणवाली म्हणत. लोक वर कपडा पसंत करायचे आणि मग त्यांचं अंग त्यात बसायचं नाही. ‘देव माणसं मापाने बनवत नाही म्हणून आपली चूल पेटते,’ बटणवाली म्हणायची. माणसं त्याला तुकड्यातुकड्यांनी भेटत. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, एक पाय जरासा आखूड, लपवलेलं पोट, पोक काढलेली पाठ. तोंडात टाचण्या धरून गुडघ्यांवर बसलेला माणूस चेहरे बघत नाही. त्या मुलीचा चेहराही त्याला आठवत नव्हता, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं. बऱ्याच वर्षांपूर्वी ती एक कोट घेऊन आली होती. जाड सुती कापडाचा, विटकरी रंगाचा, थोरल्या बहिणीचा. ‘ताईचा आहे, मला मोठा होतो,’ ती म्हणाली होती, ‘पण असा करा की माझाच वाटला पाहिजे.’ हे वाक्य आणि तिचे उतरते खांदे, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. त्याने कोट जवळजवळ नव्याने उभा केला. खांदे सोडवले, बाही जिथे जोडतात ते मुंढे पुन्हा कापले, बाह्या नव्याने बसवल्या. रंगाला रंग मिळेना म्हणून शहर पालथं घालून पॉलिस्टरचा चिवट विटकरी दोरा आणला, आणि खांद्यांवरून पाठीच्या शिवणीपर्यंत बाहेरून दिसेल असा दुहेरी टाका घातला. आयुष्यात इतकं मन लावून त्याने काही केलं नव्हतं. न्यायला ती आलीच नाही. काही दिवसांनी पेपरात बातमी आली: तरुणी बेपत्ता, घरातून निघताना अंगात विटकरी कोट. ती त्याने मशीनवर बसूनच वाचली, आणि मान वळवून मागे बघितलं, तर विटकरी कोट हँगरवर लटकत होता.

तो कोट घेऊन चौकीवर गेला. तिथल्या माणसाने नाव लिहून घेतलं, कोट राहू द्या तुमच्याकडेच, माणूस पाठवतो म्हणाला, आणि माणूस कधीच आला नाही. महिनाभर खांबाखांबावर विटकरी कोट शोधणारे कागद चिकटलेले होते. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा,’ बटणवाली म्हणाली. मालकाने बेवारशी कपडे टाकून द्यायला सांगितले तेव्हा त्याने कोट घरी नेला, जाड कापडाच्या पिशवीत घालून कपाटात टांगला. कोटवाली सापडली नाही. पण तेव्हापासून त्याला तो नाद लागला. पेपरात तशी बातमी आली की तो दोनदा वाचायचा, एकदा पोरीसाठी आणि एकदा कपड्यांसाठी. मग सुट्टीच्या दिवशी पत्ता शोधत जायचा. लोक त्याला आधी पेपरवाला समजत, मग पोलीस, मग नुसता भला माणूस. बायको त्यांना ‘तुमच्या पोरी’ म्हणायची. ‘आज कुठे, तुमच्या पोरींकडे?’ सुरुवातीला तिच्या आवाजात चेष्टा होती, पुढे ती आटली. तो आयांना विचारायचा, निघताना अंगात काय होतं? आणि आयांना सांगता यायचं नाही. निळं की जांभळं, हाफ की फुल, त्या आठवायला लागायच्या आणि रडायला लागायच्या. त्याचा त्याला राग यायचा, उघड उघड राग, की एवढी वाढवलेली पोर तुमच्या डोळ्यांसमोरून दाराबाहेर जाते आणि तुम्हाला रंग माहीत नाही. निळ्या फाटकाच्या घरातली एक म्हातारी फक्त उलट बोलली होती. ‘सगळे कपडेच विचारता रे तुम्ही,’ ती म्हणाली होती. ‘माझी पोर रुसून गेली होती. ते कुणी विचारत नाही.’ त्याने मान हलवली होती आणि मग विचारलं होतं, स्वेटरला बटणं होती की चेन?

दिव्याखाली अंधार नको, म्हणून त्याने स्वतःच्या घरापासून सुरुवात केली होती. मुलीवर तो डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचा, आणि त्याला त्यात वावगं काही वाटायचं नाही. जेवताना तो घास हातात धरून समजावून सांगायचा: पहिले दोन-तीन दिवस सोन्याचे असतात, मग माग थंड पडतो; लोक लाजेपायी गप्प बसतात, उद्या येईल म्हणतात, आणि तेवढ्यात खेळ खलास. मुलगी खाली बघून जेवायची. मोठी झाल्यावर ती एका छापखान्यात मजकुरातल्या चुका तपासायला लागली. तिला चुका झटकन दिसायच्या, त्याच्यासारखंच. तिची सुट्टी व्हायची तेव्हा तो कधी कधी समोरच्या फुटपाथवर उभा असायचा. ‘बाबा, सगळे हसतात,’ ती एकदा म्हणाली. ‘हसू देत,’ तो म्हणाला, ‘हसणाऱ्याचे दात दिसतात.’ याच वर्षी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या छापखान्याने बोलावलं होतं. तिने घरी सांगितलं तेव्हा तो ओरडला नाही, आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मालकाला भेटून सांगून आला की ती जाणार नाही, तिकडे तसं कळवून टाका. संध्याकाळी ती घरी आली, बूट काढले, आणि त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली. बायकोने ते बघितलं असणार. त्याला मुलीचे मोजे आठवत होते, करडे, डाव्या अंगठ्याला रफू केलेले.

गिरकीच्या त्या दिवशी संध्याकाळी ती नेहमीच्या वेळेला आली नाही. तो फुटपाथवर गेला, छापखान्याच्या माणसाने सांगितलं की ती दुपारीच अंग दुखतंय म्हणून निघाली. त्याची पाचावर धारण बसली, हे खरं. पण त्या भीतीच्या खाली, अगदी तळाशी, एक थंड आणि नीटनेटकी तयारी होती. घाबरलेल्या माणसाला चुली-भांड्यांचं भान राहत नाही, त्याला मात्र पुढची प्रत्येक पायरी दिसत होती. ही घटका इतक्या वर्षांत त्याने इतक्यांदा दुसऱ्यांच्या घरात बघितली होती की स्वतःच्या घरात ती ओळखीची वाटली. बायकोला तो म्हणाला, ‘चल, आधी चौकी.’ बायको म्हणाली, ‘थोडं थांबू या ना, येईल.’ त्याने तिच्यावर डोळे वटारले, कारण नेमकं हेच सगळ्या आया म्हणत. ती ओट्याच्या कडेला धरून उभी राहिली. तिच्या नखांभोवती काळं दिसत होतं, चार दिवसांपासून दिसत होतं. ती ज्या दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसते तिथल्या शाईचं असेल, किंवा शेगडीच्या काजळीचं. तो एकटाच गेला. चौकीवर एक तरुण बाई होती, अधिकारी, जेमतेम त्याच्या मुलीएवढी. त्याने सांगितलं. बटणाची छटा, पट्टी उसवल्याची रेघ, बॅगेच्या पट्ट्याचा दुसऱ्यांदा मारलेला टाका. ती लिहिता लिहिता थांबली. ‘एवढं कुणाचे वडील सांगत नाहीत,’ ती म्हणाली, आणि त्याला अशा वेळी, लाज वाटावी असा, अभिमान वाटला. मग तिने विचारलं, ‘घरात काही बोलणं झालं होतं? कशी होती सकाळी? खूश, रागात, रडवेली?’ ‘बरी होती,’ तो म्हणाला. ‘चेहऱ्यावर काही?’ त्याने आठवून बघितलं. गिरकी होती, स्वेटरची पाठ होती, हात लांब धरलेले होते. गळ्याच्या वर, कॉलर जिथे संपते त्याच्या वर, काही नव्हतं. ‘नेहमीसारखाच,’ तो म्हणाला.

तिथून तो थेट बसस्टँडवर गेला. दिवे नुकतेच लागत होते आणि उजेड धड इकडचा ना तिकडचा. माणसं सामान घेऊन धावत होती, कुणी केळी सोलत होतं, एक बाई झोपलेल्या मुलाला खांद्यावर इकडून तिकडे करत होती. त्याने डोळ्यांना हिरवा रंग सांगून ठेवला होता. शिकारी कुत्र्याला वास देतात तसा. हिरवं सोडून सगळं त्याच्या नजरेतून गळून जात होतं. हिरवी टोपी, हिरवी बादली, दोन हिरवे स्वेटर, दोन्ही भलत्यांचे. फक्त एकदाच ती नजर घसरली. एका बसच्या दाराशी रांग होती आणि रांगेत एक काळा कोट पाठमोरा उभा होता. काळ्यावर विटकरी दोऱ्याचा दुहेरी टाका, खांद्यांवरून पाठीच्या शिवणीपर्यंत. अशी हौस हल्ली कोण करतं, त्याला वाटलं. खांदे असे बसले होते की त्या जिवाच्या काळजीतही त्याचा पाय क्षणभर थबकला. बसवावेत तर असे. शिवणाऱ्याचा हात बसलेला दिसतोय. फक्त डाव्या कोपरापाशी कापड ओढल्यासारखं होत होतं, कोपरापासून बगलेपर्यंत तिरप्या सुरकुत्या. मुंढा चुकलाय, त्याने ठरवलं, आणि दुसऱ्याची चूक सापडल्यावर शिंप्याला वाटतं ते बारीक समाधान त्याला वाटलं. मग पलीकडच्या फलाटावर काहीतरी हिरवं हललं आणि तो तिकडे धावला. ती एका म्हाताऱ्याची शाल होती. परत आला तेव्हा बस गेली होती.

छापखान्याने कागद फुकट छापून दिले. हिरवा स्वेटर, राखाडी पँट, तपकिरी बॅग. एकही चूक नव्हती, कुणीतरी मन लावून तपासलं असणार. खांबाखांबावर ते चिकटवताना त्याला आपण हे आधी केलंय असं वाटत राहिलं. बटणवाली कामावरून येऊन त्याच्याबरोबर खळीचा डबा धरून फिरली. भिंगांमागचे मोठे डोळे पुसत ती म्हणाली, ‘तुमच्यासारख्याच्या घरी असं व्हावं.’ मग चौकीवरून निरोप आला. बसस्टँडच्या बायकांच्या स्वच्छतागृहात, पाण्याच्या टाकीमागे, तपकिरी बॅग सापडली होती आणि बॅगेत सगळे कपडे. अधिकारी बाईने ते टेबलावर मांडले आणि पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला, आवाज मऊ केला. अशा वेळी कपडे सापडणं म्हणजे काय, हे ती शिकून आली होती. त्यालाही ते पाठ होतं. पण त्याने स्वेटरकडे बघितलं आणि पेला तसाच राहिला. स्वेटर घडी केलेला होता. बाह्या आत, मग खालून तिसरा हिस्सा वर, मग कॉलर वर राहील अशी शेवटची घडी, हाताने दाबून सपाट केलेली. ही घडी त्याने तिला लहानपणी शिकवली होती, दुकानातली घडी. पँटच्या शिवणी एकावर एक जुळवलेल्या होत्या. ज्याचे हात थरथरतात तो अशी घडी घालत नाही. ‘तिचेच ना?’ बाईने विचारलं. ‘तिचेच,’ तो म्हणाला, आणि त्याच्या घशाशी आलेला हुंदका होता की हसू, ते त्याचं त्याला कळलं नाही. पोरीने त्याच्या हातावर तुरी दिल्या होत्या. तो काय बघतो हे तिला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तिने तेच त्याला दाखवलं, गिरकी घेऊन, नीट बघून घ्या म्हणून, आणि मग ते सगळं काढून टाकून निघून गेली.

घरी बायको नव्हती, दवाखान्यात कामावर होती. त्याने कपाट उघडलं. कापडी पिशवी नेहमीच्या जागी, नेहमीसारखी भरलेली. त्याने तिचे बंद सोडले आणि आतून बायकोचा जुना, कोपरांना झिजलेला कोट निघाला. तो खाटेवर बसला. सुती कापड रंग पितं, पॉलिस्टरचा दोरा पीत नाही. हे शिंप्याच्या घरात पाळण्यातल्या पोराला कळतं. विटकरी कोट मोठ्या पातेल्यात काळ्या रंगात उकळला की कोट काळा होतो आणि टाके विटकरीच राहतात. ते पातेलं कोणी ढवळलं, नखांभोवती काळं कसलं होतं, हेही सरळ होतं. आणि रांगेतले ते खांदे, मुलीचेही तसेच उतरते. तो स्वतःच्याच हाताला दाद देऊन पुढे गेला होता. दहा पावलांवर. राग आला, तो बायकोवर आला, मग भिंतीवर आला, मग कुणावर काढावा हे न सापडून निवला. त्याला दिसलं की त्या दोघींनी हे किती दिवस ठरवलं असेल, त्याच्या पाठीमागे, तो कामावर असताना, आणि त्याच्या घरात त्याच्याशिवायचं एक घर होतं. त्याला दिसलं की दुसरा रस्ताच त्याने ठेवला नव्हता. हे कबूल करताना त्याला रडू आलं, चारचौघांत येतं तसं नव्हे, वाकून, खोकल्यासारखं. मग त्याने पिशवीचे बंद पुन्हा बांधले, होते तसे.

तो बोलला नाही. सगळ्या आयुष्यात त्याने एकच प्रकरण सोडवलं होतं आणि ते न सोडवलेलं ठेवायचं, असं त्याने ठरवलं. चौकीवर काळ्या कोटाचं सांगितलं असतं तर बस, शहर, छापखाना, सगळं हाती लागलं असतं. आणि मग तो स्वतः गेला असता, समोरच्या फुटपाथवर उभा राहिला असता, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. म्हणून तोंडात मिठाची गुळणी. हे तिच्यासाठी आपण करतोय, पहिल्यांदाच काहीतरी न बघून करतोय, असं त्याला वाटे आणि त्या वाटण्यात तो ऊब घेत बसे. अधिकारी बाई बोलावी, नवं काही आठवलं का विचारी, तो नाही म्हणे आणि चेहरा पाडून बसे. मशीनवर बसून तो मुलीची नवी खोली मनाने लावायचा. खिडकीपाशी टेबल, खुर्चीच्या पाठीवर काळा कोट. तिथल्या थंडीला अस्तर जाड हवं होतं, आपल्याला सांगितलं असतं तर लावून दिलं असतं. बायको घरात सावलीसारखी वावरायची. जेवायची नाही, रात्री कूस बदलत राहायची. किती छान वठवतेय, त्याला वाटायचं. आणि तिचं ते नाटक मोडू नये म्हणून तोही आपलं वठवायचा. कधी ती भाजी निवडता निवडता त्याच्याकडे बघत राहायची, काहीतरी बोलणार अशी, आणि तो उठून जायचा. तिला खोटं बोलायला लागू नये म्हणून. आठवडा उलटला, मग आणखी काही दिवस. खांबांवरचे कागद उन्हाने फिके पडले. एका सकाळी कामावर जाताना त्याने त्यातला एक हळूच फाडून खिशात घातला, आणि त्याला कुणी बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी तो घरात शिरला तेव्हा बायको दिवा न लावता खुर्चीत बसली होती, बाहेरचेच कपडे अंगावर. ‘बसा,’ ती म्हणाली. तो बसला. ‘तिचा फोन यायचा होता. पोचल्यावर, दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात, माझ्याकडे.’ इतके दिवस तोंडात धरलेलं ती एकेक करून टेबलावर ठेवत होती. ‘तुम्हाला काय सांगू, कसं सांगू. तिला मीच पाठवली. कोट मीच रंगवला.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला.

बायकोने मान वर केली. ‘काय माहीत आहे?’

‘पिशवीत कोट नाही. बसस्टँडवर होती ती, त्या संध्याकाळी. मला कळलं नंतर.’

‘कधी कळलं?’

‘बॅग सापडली त्या दिवशी.’

‘आणि तुम्ही बोलला नाहीत.’

‘तू तरी कुठे बोललीस? मला वाटलं, तुझ्याकडे फोन आला असेल. मला वाटलं, ती नीट आहे आणि तुला ठाऊक आहे.’

‘तिने शपथ घातली होती,’ बायको म्हणाली. ‘बाबांना कळलं तर ते पहिल्या बसने येतील म्हणाली. पहिले दिवस मला वाटलं लाइन लागत नसेल. मग वाटलं माझ्यावरही रागावली, आधी का नाही पाठवलंस म्हणून. मग वाटलं, उद्या येईल. रोज वाटायचं. आज मी तिकडच्या छापखान्यात फोन केला, येते म्हणून तिने पुन्हा कळवलं होतं तिथे.’ तिचा आवाज अगदी सपाट होता. ‘ती तिथे गेलीच नाही. ते म्हणाले, आम्ही वाट बघून दुसरी ठेवली.’

पहिले दोन-तीन दिवस सोन्याचे असतात, लोक लाजेपायी गप्प बसतात, उद्या येईल म्हणतात. हे वाक्य याच टेबलावर, याच खुर्चीतून, घास हातात धरून त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की ते अजून तिथेच कुठेतरी असणार. दोघं जण एकमेकांना जपत मूग गिळून बसले होते, आणि मधले सगळे दिवस त्यांनी मिळून, समजूतदारपणे, जाळून टाकले होते. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं नसतं. दुसऱ्या घरात बापाला काही दिसलंच नसतं, आणि आईला काही लपवावं लागलं नसतं. ‘चल,’ तो म्हणाला, आणि बायको या वेळी थांबू या म्हणाली नाही.

अधिकारी बाईने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच तिने पेन खाली ठेवलं, दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि पुन्हा उचललं. तेवढं पुरेसं होतं. ‘कुठली बस?’ तिने विचारलं. ‘पाटी बघितली नाही,’ तो म्हणाला. ‘फलाट?’ त्याने अंदाजाने सांगितला. ‘कोटाचं सांगा.’ त्याने कोटाचं सांगितलं. काळा रंग, विटकरी दुहेरी टाका, लांबी, कॉलर. हे सांगताना त्याचा आवाज त्याच्याही नकळत ठाम झाला आणि मग त्याचं त्यालाच ते ऐकवेना. बायको त्याच्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिने त्याला या विषयातलं काही विचारलं नव्हतं, ती आज पहिल्यांदा विचारत होती, त्याने ज्या आयांना विचारलं होतं त्या सगळ्यांच्या वतीने विचारावं तशी. ‘कशी दिसत होती हो? घाबरली होती का? चेहरा कसा होता?’

‘पाठमोरी होती,’ तो म्हणाला.

‘तरी?’

‘मी खांदे बघत होतो.’

बायकोने पदर नाही, रुमाल नाही, नुसता तळहात तोंडावर दाबला. अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाली, ‘एकटी होती? की सोबत कुणी?’ त्याने डोळे मिटले. ती रांग, तो धड नसलेला उजेड, ती पाठ. आजूबाजूला कोण होतं ते त्याने बघितलं नव्हतं, तिथे नुसता अंधार होता, आणि अंधारात एक कोट, लख्ख, एकेक टाका मोजून घ्यावा असा. खांदे उत्तम. पाठ सरळ. आणि डावी बाही. कोपरापासून बगलेपर्यंत तिरप्या सुरकुत्या, कापड ओढलेलं. तो त्या सुरकुत्यांकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी रांगेतला तो कोट दुसऱ्या कुणाचा तरी होता, आणि चूकही दुसऱ्या कुणाची तरी होती.

‘मुंढा चुकलेला नव्हता,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’ बाईला कळलं नाही.

‘बाही मी बसवली होती. माझ्या हाताने. ती आपणहून अशी ओढली जात नाही.’ त्याने आपला डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताच्या पंजाने स्वतःचं कोपर घट्ट धरून तिला दाखवलं. ‘अशी कुणीतरी धरली होती.’